'भारत' दोनदा उमटलाय, मग नाणं लाखाचं का नाही?

तुमची तीनही नाणी पाहिली. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लालबागला मामांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात २०१२ सालचं दोन रुपयांचं नाणं सापडलं. त्यावर 'भारत' आणि मागच्या बाजूचं साल दुहेरी दिसतंय. एका व्हिडिओत असल्या नाण्याचे पाच लाख मिळतात असं सांगितलंय. फोन लावला तर समोरच्याने 'नोंदणीचे' अठराशे रुपये आधी मागितले. भरू का? सोबत आणखी दोन फोटो आहेत. एक दहा रुपयांचं, ज्यातले सिंह वाकडे बसलेत, आणि एक गेंड्याची पंचवीस पैसे, जिच्याबद्दल तुम्ही फक्त 'ही कडेला तुटलीय, सहज पाठवतोय' एवढंच लिहिलंय.

आधी अठराशेचं. भरू नका. नाणं विकत घेणारा कधी आपल्याकडून पैसे मागत नाही, मागतो तो आपल्यालाच विकत असतो. कुणी रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र, जीएसटी, कमिशन वगैरे शब्द टाकून गळ घातली तर लक्षात ठेवा की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. हा विषय इथेच संपला. नाण्याचा मात्र संपत नाही.

माझं सांगायचं तर मी तीस वर्षं साकीनाक्याला एका टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला ठोकून आकार देणारे पोलादी ठसे, बनवल्या. नाण्यांच्या नाही. स्विचच्या पितळी पट्ट्या, कुकरच्या शिट्टीच्या टोप्या, असला माल. पण पत्र्यावर फटका बसतो तेव्हा काय काय बिघडू शकतं हे हातांना माहीत आहे, आणि चुकीची नाणी जमवण्याचा नाद त्यातूनच लागला. फोर्टमधली टांकसाळ १८२९ सालची. तिच्या भिंतीवरून शेकडो वेळा गेलोय, दरवेळी वाटतं की आत जे चालतं ते आमच्याच कामाचं मोठं, देखणं रूप आहे.

आता लालबागला राहता म्हटल्यावर तुम्हाला समजावणं सोपं आहे. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघताना पाहिली असेल. समजा, एका मूर्तीचं नाक दुहेरी दिसतंय. त्याची दोन कारणं असू शकतात. एक, साचाच बनवताना हलला आणि साच्यातच दोन नाकं कोरली गेली. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीला तसंच, त्याच जागी, तेवढंच दुहेरी नाक येणार. दुसरं, साचा चांगला होता, पण ओली मूर्ती बाहेर काढताना धक्का लागला आणि नाक जरा घसरलं. हे त्या एका मूर्तीपुरतं. पुढच्या मूर्तीला धक्का लागला तर तो वेगळ्या बाजूने लागेल.

नाण्याचंही तसंच. दुहेरीपणा ठशात आहे की फटक्यात, एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो. बाकी सगळी भिंगं, वजनकाटे, चुंबकं ह्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.

ठशात दुहेरीपणा कसा येतो ते सांगतो. नाण्याची नक्षी आधी एका उठावाच्या पंचावर, म्हणजे पोलादी दांड्याच्या टोकावर, असते. तो पंच मऊ केलेल्या पोलादी ठोकळ्यात दाबला की खोलगट नक्षीची डाय, म्हणजेच ठसा, तयार होते. जुन्या पद्धतीत एका दाबात पूर्ण नक्षी उतरत नसे. ठोकळा दाबाने कडक व्हायचा, म्हणून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा आणि परत त्याच पंचाखाली बसवायचा. ही दुसरी बैठक केसभर फिरली तरी डायमध्ये प्रत्येक अक्षर दोनदा कोरलं जातं. ती डाय मग झिजेपर्यंत हजारो, लाखो नाणी पाडते आणि सगळी तशीच. जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचं १९५५ सालचं एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली अशी वीसेक हजार नाणी बाजारात गेली असं मानतात. त्यावरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, भिंग लागत नाही. त्याचे पैसे मिळतात आणि त्याच्याच नावावर जगातल्या सगळ्या घसरलेल्या नाण्यांना लोक भाव मागतात.

गंमत म्हणजे त्याच सालच्या सेंटचा एक स्वस्त भाऊ आहे. सालातला शेवटचा पाच तेवढा अंधुक दुहेरी. ते ठशाच्या झिजेमुळे झालंय, आणि तिकडचे संग्राहक त्याला 'गरिबाचं दुहेरी नाणं' म्हणतात. त्यात गरिबाचं काही भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

आता एका दाबात डाय तयार करण्याचं तंत्र आल्यापासून ठळक दुहेरी ठसे फार कमी झालेत. आपल्या अलीकडच्या स्टीलच्या नाण्यांत छातीठोक सांगता येतील अशी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिलीत. फटक्यातलं दुहेरी मात्र? मामांच्या गल्ल्यातली शंभर नाणी घेऊन खिडकीत बसलात तर संध्याकाळपर्यंत चार-पाच तरी हाती लागतील. आमच्यात त्याला सरळ 'मशीन डबलिंग' म्हणतात.

ते होतं असं. टांकसाळीतलं प्रेस मिनिटाला शेकडो फटके मारतं. प्रत्येक फटक्याला कोरी चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिची कड धरणाऱ्या कड्यात, येते, वरून-खालून दोन डाय आवळतात, धातू नक्षीत भरतो, डाय सुटतात, नाणं बाहेर. ह्यातली एखादी डाय धरणारी पकड किंचित सैल झाली की डाय सुटतानाच्या क्षणी ती जरा सरकते किंवा नाचते. नक्षी तर उमटून झालेली असते. सरकणाऱ्या डायची कडा ताज्या अक्षराच्या कुशीला घासून जाते आणि तिथला उठाव दाबून चपटा करते. आमच्या शॉपमध्ये प्रेसचा रॅम, म्हणजे वर-खाली होणारा भाग, असा खेळायला लागला की फोरमन आवाजावरून ओळखायचा, नट आवळायला सांगायचा. तोवर दोन-चार टोपल्या माल निघून गेलेला असायचा. स्टेनलेस स्टील कडक, त्याच्यावर डाय जास्त मार खातात, म्हणून आपल्या स्टीलच्या नाण्यांवर हे जास्त दिसतं.

आता तुमचं नाणं हातात घ्या. दहा पटीचं भिंग हवं. मोबाइलचा झूम नको, तो मधलं काहीबाही स्वतःच भरतो. ट्यूबलाइटखाली बसू नका, लांब नळीचा उजेड नाण्यावर सगळीकडून पडतो आणि सावल्या मारतो. खिडकीशी बसा किंवा एकच टेबललॅम्प बाजूने तिरका ठेवा. 'भारत'मधला 'भ' बघा. खऱ्या दुहेरी ठशात दोन 'भ' असतात, दोन्ही गोलसर, दोन्हींची उंची जवळपास सारखी, आणि जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे कोपऱ्यात बारीकशी खाच दिसते, जणू दोन बोटं एकमेकांवर ठेवलीत. अक्षर एकूण जाड झालेलं असतं, कारण डायमध्ये जागा वाढली म्हणून धातू जास्त भरला.

तुमच्या फोटोत तसं नाही. एक 'भ' उंच आहे आणि त्याच्या उजव्या कुशीला खाली, जिन्याच्या एका पायरीसारखा, सपाट पट्टा आहे. नाणं सावकाश तिरकं करत न्या. तो पट्टा एका क्षणी आरशासारखा चमकेल आणि पुढच्या क्षणी सगळाच काळा पडेल. गोल उठाव असा कधी चमकत नाही, त्याच्यावरून उजेड घरंगळत जातो. सपाट पट्टा म्हणजे घासून चपटा झालेला धातू. आणखी एक मोजा. शेजारी २०१२ चंच चांगलं नाणं ठेवा. तुमच्या 'भ'ची पायरी धरून रुंदी चांगल्या 'भ'एवढीच भरेल आणि उंच राहिलेला भाग उलट बारीक असेल. म्हणजे अक्षर वाढलं नाही, छाटलं गेलं. जिथे धातू वाढलाय तिथे थांबून बघायचं, जिथे कमी झालाय ते नाणं गल्ल्यात टाकायचं.

सालाच्या आकड्यांनाही तशीच पायरी दिसतेय, पण साल आहे दुसऱ्या बाजूला, आणि तिथे ती डावीकडे आहे. म्हणजे दोन्ही डायनी थोडं थोडं अंग हलवलं. सालाखालचा चौकोनी हिरा म्हणजे नाणं आपल्या मुंबईच्याच टांकसाळीचं. त्या हिऱ्यालाही पायरी आहे का बघा, मजा येईल. किंमत मात्र दोन रुपये.

एक तिसरा प्रकारही सांगून ठेवतो, कारण ह्यानंतर तुम्ही गल्ला पालथा घालणार हे उघड आहे. डाय फार झिजली की तिच्या नक्षीच्या कडा गोल होतात आणि अक्षरांभोवती, विशेषतः कडेच्या बाजूला, भुतासारखी एक सावली उठते. अशा नाण्याची मोकळी जागा गुळगुळीत नसते, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. सावलीला धड कडा नसते. हाही ठशातलाच दोष, पण झिजेचा. त्याला कुणी विचारत नाही.

मग नक्की ठरवायचं कसं? शंका आली की दुसरं शोधा. खरा दुहेरी ठसा एकटा नसतो, एका डायची हजारो भावंडं बाजारात असतात आणि ती पहिल्याशी तंतोतंत जुळतात, खाच अन् खाच. त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, तसंच दुहेरी असलेलं दुसरं नाणं तुम्हाला किंवा आणखी कुणाला सापडलं तर बोलू. म्हणजे 'जगात एकच' म्हणून जे विकलं जातं, ते दुहेरी ठशाच्या बाबतीत उलट संशयाचं कारण. लोकांना हे पटवता पटवता माझी दाढी पिकली.

टांकसाळीच्या खुणांवरून आठवलं. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नाही. लोक 'खूण छापायची राहिली' म्हणून कोलकात्याचं नाणं घेऊन येतात. नव्वदच्या दशकात सरकारने बाहेरच्या देशांतूनही नाणी पाडून आणली होती, मेक्सिको, रशिया, स्लोव्हाकिया अशा ठिकाणांहून. त्या नाण्यांवर सालाखाली अनोळखी अक्षरं असतात. ती चूक नव्हे, तिथल्या टांकसाळीची सही आहे. दहा रुपयांच्या नाण्यावरचे दहा किरण की पंधरा किरण, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, हाही वाद कधी संपत नाही. मधे मुंबईतले भाजीवाले पंधरा किरणांचं नाणंच घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे तोवर चौदा नमुने निघालेत आणि चौदाही चालतात.

आता तुमचं दहाचं. फोटो बघून तुम्ही फार खूश झाला असाल, आणि माझं उत्तर ऐकून तेवढेच नाराज व्हाल. त्यावर कुणीतरी हात चालवलाय. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक सध्या ह्याच नाण्यात चालते.

दहाचं नाणं दोन धातूंचं, बाहेरची पिवळी कडी आणि आतली पांढरी चकती. लोकांना वाटतं की कडी वेगळी छापतात, चकती वेगळी छापतात आणि मग बांगडीत काच बसवावी तशी जोडतात. तसं नाही. कोरी कडी आणि तिच्यात ठेवलेली कोरी चकती एकत्र प्रेसमध्ये जाते. एकाच फटक्यात दोन्हींवर नक्षी उमटते आणि त्याच फटक्याच्या दाबाने दोन धातू एकमेकांत घट्ट बसतात. ह्याचा अर्थ काय झाला? चकती कडीत कशीही फिरवून ठेवली असली तरी फटका बसण्याआधी तिच्यावर काहीच नव्हतं. फिरवलेला कोरा कागद कोराच. त्यामुळे टांकसाळीतून निघताना कडीवरचा 'भारत' सरळ आणि चकतीवरचे सिंह तिरके, हे होऊच शकत नाही. तसंच कडी एका बाजूची आणि चकती उलटी, म्हणजे कडीवर 'भारत' आणि मधे सिंहांऐवजी दुसऱ्या बाजूची नक्षी, हेही शक्य नाही. अशी नाणी 'दुर्मीळ उलटं सेंटर' म्हणून हजारांत विकली जातात. कुणीतरी एका नळीवर ठेवून चकती ठोकून बाहेर काढलेली असते, फिरवून किंवा उलटी करून परत दाबून बसवलेली असते. सांध्याशी भिंग लावा. जिथे धातू धातूला मिठी मारून बसायला हवा तिथे बारीक फट, ओरखडे किंवा वाइसच्या, म्हणजे दांडा फिरवून आवळायच्या शिकंज्याच्या, जबड्याचा दाब दिसेल. टेबलावर टाकून बघा, खणखणीत वाजणार नाही, भद्द आवाज येईल. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची पद्धत उगाच नव्हती.

दोन धातूंच्या नाण्यात खरी चूक दिसते ती वेगळी. चकती कडीच्या मध्यात न बसता बाजूला सरकलेली असते, पण नक्षी मात्र अख्ख्या नाण्यावर सलग आणि आपल्या जागी असते, रेघ पांढऱ्यावरून पिवळ्यावर न तुटता जाते. कारण नक्षी सरकलीच नाही, खालचा धातू सरकला. एखाद्या नाण्यात चकती पडलेलीच नसते आणि कडीच्या भोकाच्या आतल्या कडेवर दाबलेला धातू आत ओघळलेला दिसतो. असं काही मिळालं तर जपून ठेवा.

मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मतःच शहाणा. आमच्या नादातलं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे 'लाखी'. पुस्तकात त्याला ब्रॉकेज म्हणतात, पण फूटपाथवर आणि प्रदर्शनात 'लाखी' शब्दच चालतो. एका बाजूला सिंह उठावाचे, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह, पण खोल गेलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. होतं असं की छापून झालेलं नाणं वरच्या डायला चिकटून बसतं, पुढची कोरी चकती येते आणि वरच्या डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच ठसा घेते. चिकटलेलं नाणंच साचा बनतं. मी नवखा असताना एका फेरीवाल्याकडून दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं लाखी घेतलं, तेव्हाच्या पगाराचा मोठा लचका मोजून. महिनाभर खिशात घालून मिरवलं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत शॉपमधल्या मायक्रोस्कोपखाली धरलं आणि घास घशातच अडकला. खोल गेलेल्या सिंहांच्या मधून मूळ '१०'चा आकडा चेपलेला दिसत होता. खऱ्या लाखीत त्या बाजूला दुसरी डाय पोचलेलीच नसते, मग तिचा आकडा येईल कुठून? मागे वळवलं तर त्या बाजूचे सिंहही चपटे झालेले आणि कड एका ठिकाणी दबलेली. कुणीतरी स्टीलचं नाणं आणि हे मऊ ॲल्युमिनियम पाठीला पाठ लावून वाइसमध्ये आवळलं होतं. मी स्वतः दिवसाला दहा वेळा ज्या वाइसचा दांडा फिरवत होतो, त्याच यंत्राने मला टोपी घातली. ते नाणं अजून आहे, मी ते नवख्यांना दाखवतो. कुणाच्या नाण्यावर उलटी, खोल अक्षरं दिसली की पहिलं बघतो: त्यांच्याखाली दुसरं काही दबलंय का?

वाइस सोडा, मुंबईत नाण्यांची वाट लावायला इतर साधनंही कमी नाहीत. लोकलच्या रुळावर ठेवून चपटी केलेली नाणी घेऊन पोरं येतात, 'काका, मोठी चकती!' चाकाखालून आलेल्या नाण्याची अक्षरं एका दिशेला ताणलेली असतात आणि कड पातळ पात्यासारखी होते. समुद्रात टाकलेली, खारं पाणी खाल्लेली नाणी येतात, त्यांच्यावर गंजाचे थर आले की अक्षरं दोन-दोन वाटतात. सोनाराकडून डाग लावून सोडवलेली, कानशीने घासलेली, ड्रिलने भोक पाडलेली. ह्यातलं काहीच टांकसाळीत झालेलं नाही, आणि टांकसाळीच्या भिंतीबाहेर जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत, इजा म्हणतात. रामदरबार आणि हनुमानाची 'ईस्ट इंडिया कंपनी'ची नाणी तर नाणीच नव्हेत. कंपनीने असली कधी पाडली नाहीत, ती देवळाबाहेरची टोकनं. ह्या एका विषयावर मला दिवसाला एक फोन येतो.

खऱ्या चुकांतल्या छोट्या-मोठ्या बाकीच्या भराभर सांगतो. नक्षी एका बाजूला सरकून चंद्रकोरीसारखी कोरी जागा राहिली तर ते ऑफसेंटर. जितकी जास्त कोरी जागा तितकं बरं, पण साल वाचता आलं पाहिजे. साल गेलं की भाव निम्मा. स्टीलच्या एक-दोन रुपयांची थोडी सरकलेली नाणी शेकड्यांत जातात, लाखांत नाही. डायला तडा गेला की नाण्यावर उठावाची वेडीवाकडी रेघ येते. ओरखडा खोल असतो आणि डायचा तडा उठावाचा, एवढं बोटाच्या नखाने कळतं. डायचा कडेचा तुकडाच पडला तर तिथे गुळगुळीत फुगवटा येतो, तो छान दिसतो आणि विकलाही जातो. डायच्या खळग्यात तेल-वंगण साचून सालातला एखादा आकडा न उमटणं हे फार होतं, त्याला किंमत नाही. दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत फिरलेल्या असतील तर आधी ताडून बघा. आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं डावीकडून उजवीकडे उलटलं तर मागची बाजू सरळ यायला हवी. दहा-वीस अंशांचा फरक सोडून द्या. पूर्ण उलटी आली तर बाजूला ठेवा.

आणि चुकीच्या चकतीवर पडलेलं नाणं, ज्यावर मी जीव टाकतो. दोन रुपयांची नक्षी एक रुपयाच्या चकतीवर, असलं काही. इथे भिंगाआधी वजनकाटा. शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा खिशातला काटा सहज मिळतो. पण इथेही एक मेख आहे. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि बावीस मिलिमीटरचा, आणि जुन्या स्टीलच्या पन्नास पैशांचंही माप तेच. त्याच मालिकेतले दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पंचवीस मिलिमीटर, आणि १९९२ पासूनच्या जुन्या स्टीलच्या रुपयाचं मापही तेच. तेव्हा 'पन्नास पैशांच्या चकतीवर छापलेला २०११ च्या मालिकेतला रुपया' असा दावा कुणी केला तर तो सिद्धही करता येणार नाही आणि खोडूनही काढता येणार नाही. अशा नाण्याला जादा पैसे मोजणाऱ्याला मी अडवत नाही, पण मी मोजत नाही. १९९२ पासूनची अकरा कोनांची तांबे-निकेलची दोन रुपये मात्र सहा ग्रॅमची आणि चुंबकाला न चिकटणारी. तिची नक्षी चुंबकाला चिकटणाऱ्या चकतीवर दिसली तर मला रात्री बारालाही फोन करा.

राहिली तुमची 'तुटलेली' गेंड्याची पंचवीस पैसे. हिच्यासाठी मी तुमचा निरोप तीनदा वाचला.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि खालची नाणी चलनातून गेली, त्यामुळे ही गल्ल्याच्या तळाशी राहिली असणार. फोटोत कडेचा जो घास गेलाय तो बाहेरून आत वळलेली कमान आहे, जणू शेजारच्या गोल नाण्याने चावा घेतलाय. पत्र्यातून चकत्या कापताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही की पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा तेवढा भाग कापलेलाच असतो. आमच्याकडे हे रोज व्हायचं, भंगारात जायचं. टांकसाळीत ती चकती पुढे निसटली तर नाणं होतं. व्यापारी त्याला 'कट' म्हणतात.

पण कानशीनेही अशी कमान करता येते, म्हणून घाई नको. चाव्याच्या अगदी समोरच्या कडेला बघा, घड्याळात बारा वाजता चावा असेल तर सहाच्या जागी. छपाईआधी चकतीची कड रोलरमध्ये दाबून उचलतात. एका बाजूला धातूच नसला तर तिथे रोलरला पकड मिळत नाही आणि नेमक्या समोरच्या बाजूची कड कमी उचलली जाते. ती जागा फिकी, पुसट दिसली पाहिजे. कानशीवाल्याला हे माहीत नसतं आणि माहीत असलं तरी करता येत नाही. दुसरं, चाव्याजवळची अक्षरं. खऱ्या कटमध्ये फटका बसताना धातू त्या मोकळ्या बाजूला थोडा वाहतो, त्यामुळे अक्षरं चाव्याकडे जाता जाता पसरतात, मऊ होतात. कानशीने कापलेलं अक्षर पूर्ण उंचीचं असतं आणि एकदम तुटतं. तुमच्या फोटोत चाव्याजवळचं अक्षर पसरलेलं वाटतंय. समोरची कड बोटाखाली झाकलीय.

तेव्हा असं करा. नाणं कडेने धरा आणि समोरच्या कडेचा फोटो तिरक्या उजेडात काढून पाठवा. काट्यावर वजन करा, पूर्ण नाणं २.८३ ग्रॅमचं असतं, तुमचं किती भरतं ते कळवा. चाव्याच्या उभ्या भिंतीवर कानशीचे आडवे ओरखडे आहेत का तेवढं बघा. आणि मामींना सांगा, चिंच लावून घासू नका.